रात्री दोन वाजता लिहिलेल्या ओळीचं काय होतं? विद्यार्थ्यांसाठी मानसिक आधाराचं ॲप घडवताना

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टना परीक्षक म्हणून बसलं की एक तरी गट हा विषय घेऊन येतोच: विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ॲप. स्क्रीन फिकट निळी-हिरवी असते. फुगणारं आणि आकसणारं एक वर्तुळ असतं, त्याच्या तालावर श्वास घ्यायचा. हसऱ्यापासून रडव्यापर्यंत पाच चेहरे असतात, त्यातला आजचा आपला निवडायचा. डायरी असते, हल्ली एक चॅटबॉटही असतो. डेमो छान होतो.

मग मी एकच विचारतो. रात्री दोन वाजता एखाद्या मुलीनं या डायरीत लिहिलं, "आता नाही सहन होत", तर पुढे काय होतं? पोरं एकमेकांकडे बघतात. एकदा एकानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "सर, डेटाबेसमध्ये सेव्ह होतं."

त्या गटाला मी मार्क कमी दिले नाहीत, कारण बाजारातल्या बऱ्याच ॲपांचं खरं उत्तर तेच आहे. फक्त ते इतक्या सरळ कोणी देत नाही. ती ओळ सेव्ह झाल्यावर काय व्हायला हवं, आणि ते ठरवणं इतकं अवघड का जातं, हे इथे सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी ॲप हवंच कशाला ते बघू. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 2015-16 मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या पुढाकारानं झालं. त्यात दिसलं की मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजारागणिक, 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. उपचार करणारी माणसं कमी आहेत हे एक कारण. दुसरं कारण कुठल्याही कॉलेजात डोळ्यांनी दिसतं. समुपदेशकाची खोली असलीच तर ती ऑफिसच्या शेजारी असते आणि बाहेर एक बाकडं असतं. त्यावर बसलेल्याला येणारा-जाणारा विचारतो, "काय रे, तू इथे कसा?" संध्याकाळपर्यंत ते मेसमध्ये पोचलेलं असतं. फोनला असं बाकडं नसतं. हॉस्टेलच्या गादीवर पांघरुणात तोंड घालून बोलता येतं.

म्हणजे ॲप विद्यार्थ्याला दोन गोष्टी कबूल करतं: तुला कोणी बघत नाहीये, आणि तुझ्यासाठी कोणीतरी आहे. या दोन कबुल्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. कोणीच बघत नसेल तर मदतीला धावणार कोण? आणि धावायला कोणी तयार असेल, तर ते बघत असणारच. पुढचे सगळे निर्णय या ओढाताणीतले आहेत. रंग आणि वर्तुळं शेवटच्या आठवड्यात ठरवली तरी चालतात.

पहिली ठेच भाषेची

इंग्रजी ॲपची वाक्यं मराठीत आणताना पहिल्याच स्क्रीनवर अडतं. "आज कसा आहेस?" की "आज कशी आहेस?" इंग्रजीला हा प्रश्न पडत नाही, मराठीत क्रियापदालाही लिंग असतं. मग साइन-अपलाच मुलगा की मुलगी विचारायचं? म्हणजे 'कोणी बघत नाही' म्हणत पहिली माहिती काढून घेतली. शिवाय ज्याच्या मनातली घालमेल नेमकी याच प्रश्नाची आहे, त्याला दारातच अडवलं. मार्ग मराठीतच आहे: "आज कसं वाटतंय?" पर्यायांतही 'थकलो' किंवा 'थकले' नको, 'थकवा आलाय' म्हणावं. थोडी मेहनत घेतली तर पूर्ण ॲप असं लिहिता येतं.

'तू' की 'तुम्ही' हा दुसरा पेच. 'तुम्ही' म्हटलं की केवायसी अपडेट करायला सांगणारा बँकेचा मेसेज वाटतो. 'तू' म्हटलं तर यंत्रानं उगाच खांद्यावर हात टाकल्यासारखं होतं. माझा कौल 'तू'ला आहे, पण उपदेश न करणाऱ्या 'तू'ला. थोरल्या बहिणीचा 'तू' हवा, रेक्टरचा नको.

शब्दांचंही तसंच. 'नैराश्य' हा पेपरातला शब्द आहे. पोरं म्हणतात, "मूडच नाही", "डोकं आउट झालंय", "कशात मन लागत नाही". बरेच जण मनाचं दुखणं शरीराच्या भाषेत सांगतात: पोटात गोळा येतो, छाती धडधडते, डोकं जड होतं. ॲपनं याच शब्दांनी विचारलं तर उत्तर खरं मिळतं. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञानं 2006 साली 'फ्रेंडशिप बेंच' सुरू केला. प्रशिक्षण घेतलेल्या आज्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लोकांशी बोलतात. त्या 'डिप्रेशन' म्हणत नाहीत. शोना भाषेतला 'कुफुंगिसिसा' हा शब्द वापरतात, त्याचा अर्थ अति विचार करणं. आपल्याकडे "फार विचार करते गं ती" हे वाक्य घराघरात आहे. ॲप लिहिणाऱ्यानं ते कानावर घ्यावं.

चाळणी आणि नववा प्रश्न

बहुतेक ॲपांमध्ये एक प्रश्नावली असते, पीएचक्यू-9 नावाची. 2001 साली प्रसिद्ध झालेली, जगभर वापरली जाणारी. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता कशी होती असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, बेरीज जास्तीत जास्त 27. साधारण 10 किंवा त्याहून जास्त झाले तर जाणकार माणसानं नीट लक्ष द्यावं असा संकेत आहे.

ही चाळणी आहे, निदान नव्हे. थर्मामीटर ताप 102 दाखवतो. मलेरिया आहे की टायफॉइड हे त्याला कळत नाही. सबमिशनच्या पंधरवड्यात भरली तर झोप आणि एकाग्रतेचे गुण अख्ख्या वर्गाचे चढलेले असतील. त्यामुळे लाल अक्षरांत "तुम्हाला मध्यम नैराश्य आहे" असं छापणं चूक आहे. "गेले दोन आठवडे जड गेलेले दिसतात. कोणाशी तरी बोलून बघायचं का?" एवढं पुरे.

खरी परीक्षा नवव्या प्रश्नाला असते. मरण आलं तर बरं, किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, असा तो प्रश्न आहे. घाबरून काही जण तो गाळूनच टाकतात, 'विचारलं तर डोक्यात भरवल्यासारखं होईल' म्हणून. संशोधन याच्या उलट सांगतं. सरळ विचारल्यानं असे विचार वाढत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. पण विचारायचं असेल तर उत्तराची तयारी आधी हवी. कोणी 'अजिबात नाही' सोडून काहीही निवडलं, तर त्याच क्षणी फॉर्म बाजूला ठेवून वेगळा पडदा उघडायला हवा. त्यावर मोठ्या बटणात 14416. हा टेलि-मानसचा नंबर, केंद्र सरकारची सेवा, 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही. जिवाला तातडीचा धोका असेल तर 112. त्याखाली विद्यार्थ्यानं स्वतः आधी निवडून ठेवलेलं एक नाव: मावशी, रूम पार्टनर, कोणीही. हा पडदा इंटरनेटशिवाय उघडला पाहिजे. नेट पॅक संपलेला असतो तो नेमका अशाच रात्री.

इथेच 'सुरक्षा आराखडा' येतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तो तयार केला. कल्पना साधी आहे. वादळात माणसाला सुचत नाही, म्हणून शांत दिवशीच लिहून ठेवायचं. माझं बिनसायला लागलं की काय खुणा दिसतात? एकट्यानं काय केलं की जरा निवतं? कुठल्या माणसांत किंवा जागी गेलं की डोकं दुसरीकडे वळतं? मदत कोणाकडे मागेन? तज्ज्ञ कोण? आणि जवळचं धोक्याचं सामान कसं दूर करू? शक्यतो समुपदेशकाबरोबर बसून हे भरावं. माझ्या मते ॲपमधला सगळ्यात उपयोगी भाग हाच. डेमोत तो दिसतच नाही, कारण त्यात नाचणारं काही नसतं.

गजराचं गणित

आता अवघड भाग. पोरं म्हणतात, "सर, एआय डायरी वाचेल आणि धोका दिसला की रेक्टरना मेसेज जाईल." ऐकायला चोख वाटतं. गणित मांडून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. हॉस्टेलमध्ये 1000 मुलं. त्यातली 20 खरोखर गंभीर धोक्यात. तुमचं एआय 90 टक्के अचूक, म्हणजे 20 पैकी 18 जणांना ते ओळखेल. झकास. पण उरलेल्या 980 जणांतही ते 10 टक्के चुकेल, म्हणजे 98 जणांवर विनाकारण गजर होईल. एकूण 116 गजर, खरे 18. दर सहा-सात गजरांत एक खरा.

त्या 98 जणांचं काय होतं बघा. रात्री रेक्टर दार ठोठावतात, घरी फोन जातो, दुसऱ्या दिवशी वडील लातूरहून एसटीनं येऊन उभे राहतात. तो मुलगा पुन्हा त्या डायरीत खरं लिहील? आणि ही बातमी हॉस्टेलभर फिरल्यावर ते खरे 18 तरी लिहितील? गजर वाढला की बोलणं बंद होतं. पुढच्या सत्रात एआयला काही सापडत नाही आणि अहवालात लिहिलं जातं, 'परिस्थिती सुधारली.'

त्यातून मराठीची खोड वेगळी. "सबमिशननं जीव घेतला", "मेलो आज व्हायवात", "वाट लागली", "एटीकेटी लागली तर जीवच देईन" हे कट्ट्यावर रोज, हसत बोललं जातं. शब्द पकडणारं यंत्र इथे ओरडत सुटेल. उलट ज्याचं खरंच बिनसलंय तो लिहील, "माझं पुस्तकांचं कपाट तू घे", आणि यंत्र गप्प बसेल. भरीस भर, निम्मं मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप होतं, प्रत्येकाच्या स्पेलिंगनं.

ब्रिटनमध्ये हा धडा जाहीरपणे गिरवून झालाय. समॅरिटन्स ही तिथली जुनी, चांगली संस्था. 2014 च्या ऑक्टोबर अखेरीस त्यांनी 'रडार' नावाचं ॲप काढलं. तुम्ही ज्यांना ट्विटरवर फॉलो करता त्यांच्या ट्विटमध्ये निराशेचे शब्द दिसले की ते तुम्हाला कळवायचं. हेतू चांगला होता, पण ज्यांचं लिखाण तपासलं जायचं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. छळणारी माणसंही तेच सावज हेरायला वापरू शकतील असं लोकांनी ओरडून सांगितलं. पंधरवडाही झाला नाही तोच ॲप मागे घ्यावं लागलं.

मग यंत्रानं काहीच करू नये का? करावं, पण खबर आधी त्या विद्यार्थ्यालाच द्यावी. "हे लिहिलेलं वाचून काळजी वाटली. आत्ता फोन लावून देऊ का?" बटण त्याच्या हातात. अगदी मोजक्या प्रसंगी तिसऱ्याला कळवावं लागेल. ते प्रसंग कोणते, आणि कळवायचं म्हणजे नेमकं कोणाला, हे पहिल्याच दिवशी साध्या मराठीत सांगितलेलं असावं. आणि ते रेक्टरला नव्हे, प्रशिक्षित समुपदेशकाला.

व्यायाम, बॉट आणि साखळ्या

ॲपमधल्या बहुतेक 'उपचारां'च्या, म्हणजे मनाच्या व्यायामांच्या, मुळाशी दोन जुन्या कल्पना आहेत. एक, डोक्यात आलेला विचार कागदावर ठेवून तपासणं: "एक विषय गेला म्हणजे आयुष्य गेलं" याला पुरावा काय? दुसरी, मन नसताना एखादं छोटं काम ठरवून करणं. आपण म्हणतो, बरं वाटलं की अंघोळ करून मेसला जाईन. ही पद्धत उलटं सांगते: मेसला जा, बरं वाटण्याची सुरुवात तिथे होऊ शकते. याचा भक्कम पुरावा आपल्या शेजारचा आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये साध्या, बिगर-डॉक्टर माणसांना शिकवून ही पद्धत वापरली. जवळपास 500 रुग्णांचा अभ्यास झाला. तीन महिन्यांनी, हे समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांत 39 टक्के. समोर माणूस होता, तोही मनोविकारतज्ज्ञ नव्हे. ॲपवाल्यांनी यातून घ्यायचं ते हे, की शिकवलेला माणूस जोडता आला तर जोडा.

माणसाऐवजी चॅटबॉट? 'वोबॉट'चा 2017 मधला अभ्यास नेहमी पुढे केला जातो. 70 तरुण आणि अवधी फक्त दोन आठवडे. नैराश्याचे गुण कमी झाले. आशादायक, पण त्यावर इमारत उभी करण्याइतकं नाही. ते ॲपही 2025 च्या जूनअखेर बंद झालं. दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या खाण्याच्या विकारांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं. 2023 मध्ये तिचा 'टेसा' बॉट, उपाशी राहण्याच्या आजाराशी झगडणाऱ्यांना वजन कमी करण्याचे सल्ले देताना सापडला, आणि तो तातडीनं बंद करावा लागला. आताचे बॉट गोड बोलतात, रात्री कंटाळत नाहीत, पण होला हो मिळवण्याकडे त्यांचा कल असतो. "माझं कोणालाच पडलेलं नाही" याला होकार भरणारा बॉट कोणाला हवाय? व्यायाम समजावायला, 14416 पर्यंत नेऊन सोडायला तो ठेवावा. त्याच्यावर एकट्यावर रात्र सोपवू नये.

सलग किती दिवस आलात याच्या साखळ्या, बॅज वगैरे मी सरसकट कापतो. नैराश्यात असलेल्या मुलानं आठ दिवस ॲप उघडलं नाही, आणि उघडल्यावर "तुझी साखळी तुटली!" म्हणजे नापासाच्या यादीत आणखी एक विषय. लोक ॲप सोडतात हे खरंच आहे. मानसिक आरोग्याच्या 93 ॲपांचा वापर 2019 च्या एका अभ्यासात मोजला होता; महिन्यानंतर टिकणाऱ्यांचं मध्यक प्रमाण (अर्धी ॲपं याच्या वर, अर्धी खाली) अवघं 3.3 टक्के. पण मला विचाराल तर इथे टिकणं हे यशाचं मापच नाही. मुलगी तीन वेळा आली, आराखडा भरला, समुपदेशकाकडे गेली आणि ॲप काढून टाकलं, तर ॲपनं काम केलं.

वहीत काय लिहायचं नाही

माहितीबद्दलचा साधा नियम: जे गोळा केलं नाही ते फुटत नाही. लॉगिनला कॉलेजचा ईमेल आणि पीआरएन नंबर (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) मागितला की 'निनावी' हा शब्द खोटा ठरला. फुकटात मिळणारे जाहिरातींचे आणि आकडेमोडीचे तयार कोडचे तुकडे ॲपमध्ये चिकटवले की माहिती कुठे जाते हे बनवणाऱ्यालाही धड कळत नाही. अमेरिकेत 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर ग्राहकांची संवेदनशील माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी दिल्याचा ठपका तिथल्या व्यापार आयोगानं ठेवला. 2023 मध्ये 78 लाख डॉलर भरून तडजोड झाली.

चोरी न होताही गुपित फुटतं. कॉलेजला हवा असतो 'विभागनिहाय अहवाल'. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात मुली तीनच असतील, तर 'मुलींमध्ये ताण: 1' हा आकडा म्हणजे नावच. गट लहान असेल तर आकडा दाखवायचाच नाही. आणि लॉक स्क्रीनवर "आज उदास वाटतंय का?" असं नोटिफिकेशन आईच्या हातात फोन असताना आलं, तर संपलंच. मजकूर "आजची नोंद" इतका कोरडा हवा, आयकॉनही तसाच.

कायद्याची बाजू थोडक्यात. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्यांना बालक मानतो आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो. बारावी करून आलेली कितीतरी मुलं पहिल्या वर्षाला 17 चीच असतात. काही आरोग्यसेवांना सवलती आहेत, पण त्या आपल्यालाच लागू असं प्रोजेक्टवाल्यांनी परस्पर ठरवू नये. सतरा वर्षांच्या मुलीची तक्रारच घराबद्दल असेल तर? माझ्या मते अशांसाठी ॲपचा एक भाग कुठलीच माहिती न साठवता चालायला हवा: श्वास, व्यायाम, नंबर. नाव नको, नोंद नको.

शेवटी पुन्हा माणसाकडे येतो. सर्वोच्च न्यायालयानं 2025 च्या जुलैमध्ये सांगितलं की 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. समजा तो नेमला, आणि दिवसाला सहा जणांना भेटू शकतो. तुमच्या ॲपनं परीक्षेच्या आठवड्यात साठ जणांना "समुपदेशकाला भेट" म्हणून सांगितलं, तर शेवटच्याला दहा कामकाजी दिवस थांबावं लागेल, तोवर परीक्षा संपेल. म्हणून 'भेटीची वेळ घ्या' हे बटण ठेवण्याआधी त्या समुपदेशकाची वही मागून बघा.

मागच्या सत्रात तोच विषय घेऊन आलेल्या एका गटानं डेमोत चेहरे दाखवलेच नाहीत. त्यांनी फोन फ्लाइट मोडवर टाकला, ॲप उघडलं आणि आराखड्याचं पान दाखवलं. मग सेटिंगमध्ये जाऊन 'माझं सगळं पुसून टाक' दाबलं आणि सर्व्हरवरची रिकामी ओळ लॅपटॉपवर दाखवली. मी विचारलं, "आणि ज्यानं पुसलं नाही, पदवी घेऊन निघून गेला, त्याचं?" त्यातली एक म्हणाली, "निकालानंतर नव्वद दिवसांनी आपोआप जातं, सर. त्याआधी एकदा विचारतो, हवं असेल तर स्वतःकडे उतरवून घे म्हणून."